भरवशाचा नोकर

शाळा सोडताना प्रत्येक विद्यार्थ्यास जो दाखला मिळतो त्यात ‘वर्तणूक’ असे एक सदर असते, आणि त्यापुढे बहुधा ‘चांगली’ हा एकच शब्द लिहिलेला आढळतो. ज्याने वर्षभर वर्गाची किल्ली सांभाळली त्याच्या दाखल्यावर ‘चांगली’, आणि ज्याने ती किल्ली दोनदा हरवली त्याच्याही दाखल्यावर ‘चांगली’. एका शब्दाने कोणाच्या पोटावर पाय येऊ नये ही त्यात भावना असते, आणि तिला आमची हरकत नाही. परंतु नोकरी देणारा गृहस्थ त्या सदराकडे ढुंकूनही पाहत नाही. तो मुलाच्या ओळखीच्या कोणास तरी बाजूस घेतो आणि हळूच विचारतो, “मुलगा भरवशाचा आहे ना?” गुणपत्रिकेत ज्याचे उत्तर सापडत नाही असा हा प्रश्न असल्यामुळे त्याविषयी विद्यार्थ्यांशी व त्यांच्या पालकांशी दोन गोष्टी बोलाव्या असे आम्ही योजिले आहे.

करकंब हे गाव पंढरपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर, टेंभुर्णीच्या वाटेवर आहे. आसपासच्या खेड्यांची पेठ म्हणून त्याचा लौकिक जुना. जेथे आठवड्याचा बाजार भरतो तेथील मुलांस भरवसा या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. एका दुकानाच्या तराजूपुढे गिऱ्हाईक वाकून वाकून काटा न्याहाळते. शेजारच्या दुकानी तेच गिऱ्हाईक नुसती पिशवी पुढे करते आणि दुसरीकडे बघत, गावगप्पा करीत उभे राहते. हे जे दुसरीकडे बघत उभे राहणे, तोच भरवसा होय. ज्याचे माप पुन्हा मोजावे लागत नाही, ज्याचा शब्द दुसऱ्याकडून पडताळून घ्यावा लागत नाही, तो भरवशाचा मनुष्य. दुकानदाराविषयी हे जितके खरे तितकेच नोकराविषयीही खरे आहे.

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी असे आपले पूर्वज म्हणत असत. त्या म्हणीशी भांडण्याचे कारण नाही; पण आजची स्थिती निराळी आहे हे उघड दिसते. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले, पाणी शिवारांत फिरू लागले, ऊस व द्राक्षे वाढली, साखर कारखाने उभे राहिले. ज्या घरी तीन पिढ्या कोणी पगार पाहिला नव्हता त्या घरचा एक मुलगा आज कारखान्यात आहे, दुसरा पुण्यास कोठे तरी यंत्रावर उभा आहे, आणि मुलगी पतसंस्थेत किंवा दवाखान्यात काम करीत आहे. नोकरी कनिष्ठ की उत्तम हा वाद आता घरोघरच्या चुलीनेच मिटविला आहे. उरला प्रश्न एवढाच की, ती करावी कशी?

प्रथम एका अशा नोकराची गोष्ट सांगू, ज्याच्याकडे प्रवाशांपैकी बहुधा कोणीच पाहत नाही. कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारा लोहमार्ग मोडनिंबावरून जातो. तो करकंबपासून फार दूर नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियराने काढलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा हा भाग. कुर्डुवाडी ते बार्शी हा रस्ता १८९७ साली सुरू झाला आणि पंढरपूरपर्यंत रूळ १९०६ साली पोहोचले. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. १९५४ साली ही कंपनी सरकारने घेतली, आणि चालू शतकाच्या आरंभी पंढरपूरचा मार्ग रुंद झाला. गाडी बदलली, एंजिन बदलले, परंतु एक मनुष्य बदलला नाही. तो म्हणजे कीमन.

कीमनाकडे रुळांचा काही किलोमीटरांचा तुकडा सोपविलेला असतो. खांद्यावर हातोडा व पाना, जवळ लाल निशाण. रूळ जखडून ठेवणाऱ्या चाव्या व बोल्ट पाहत, सैल झालेले ठोकीत तो एका बाजूने जातो आणि दुसऱ्या बाजूने परततो. कोठे रूळ तडकलेला दिसला तर तेथे निशाण रोवून, येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत सुटणे हेही त्याचेच काम. उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्याचे ऊन काय असते ते वाचकांस सांगावयास नको. आता विद्यार्थ्यांनी जरा विचार करावा. कीमन एखाद्या दिवशी बाभळीखाली बसून राहिला आणि संध्याकाळी येऊन ‘सर्व ठीक’ म्हणून सांगितले, तर काय होईल? बहुतेक दिवस काहीही होणार नाही. कारण बहुतेक दिवस चाव्या घट्टच असतात. गाडी सुखरूप जाईल, वारकरी चंद्रभागेत स्नान करून परततील, आणि कोणास काही कळणार नाही.

या कामातील खरे संकट हेच आहे. आळसाची शिक्षा त्याच दिवशी मिळत असती तर जगात आळशी कोणीच उरला नसता. दहा दिवस बसून काही बिघडले नाही म्हणजे अकराव्या दिवशी चालत जाणे हा मूर्खपणा वाटू लागतो. आणि सैल चावी कोणत्या दिवशी असेल हे पंचांगात लिहिलेले नसते. अलीकडे रेल्वेने अशा माणसांस ते कोठे आहेत हे दाखविणारी यंत्रेही दिली आहेत. यंत्रामुळे तो कोठपर्यंत गेला हे समजते. त्याची नजर रुळावर होती की नाही हे समजत नाही. अंगठा टेकून हजेरी लावण्याची जी यंत्रे कचेऱ्यांतून बसली आहेत त्यांचीही गोष्ट याहून वेगळी नाही. अंगठा आला एवढेच यंत्र सांगते. माणूस आला का, हे त्याच्यासोबत काम करणारे जाणतात.

येथे कोणी म्हणेल, ‘म्हणजे चोरी करू नये, कामचुकारपणा करू नये, नेमून दिलेले करावे, एवढेच ना?’ एवढेच नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात एका धन्याचा दृष्टांत आहे. परदेशी जाताना तो आपले द्रव्य तिघा दासांच्या हाती देतो. एकास पाच तालांत, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक. पहिले दोघे व्यापार करून धन दुप्पट करतात. तिसरा भिऊन आपला वाटा जमिनीत पुरतो आणि धनी आल्यावर जसाच्या तसा उकरून देतो. धनी त्याच्यावर रागावतो. वर्गात हा दृष्टांत सांगितला की दरवर्षी एखादा विद्यार्थी उठून विचारतो, “सर, त्याने एक पैही खाल्ली नाही, मग त्याचा अपराध काय?” प्रश्न मोठा मार्मिक आहे. अपराध हा की, धन्याचे काम आपले आहे असे त्यास क्षणभरही वाटले नाही. आपल्यावर दोष येऊ नये एवढीच त्याची काळजी. असे नोकर आजही पुष्कळ आढळतात. गोदामातील पोती मोजावयास पाठविले असता ते पोती अचूक मोजतात; कोपऱ्यात छपरातून पाणी गळून खालची चार पोती भिजत असतात, ती ते पाहतात, मोजतात आणि परततात. विचारले तर म्हणतात, ‘मला मोजावयास सांगितले होते.’ त्यांस अप्रामाणिक म्हणता येत नाही, परंतु त्यांच्यावर विसंबूनही राहता येत नाही.

आता जे उदाहरण घेतो ते आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरचेच असल्यामुळे त्यावर थोडे अधिक लिहिले तर ते क्षमा करतील. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे जे तरुण असतात त्यांस चिटबॉय म्हणतात. पदवी लहान आणि पगारही बेताचाच. पण हंगामात शेतकऱ्याच्या दृष्टीने मुख्य मनुष्य तोच. शेतकऱ्याने लागणीची नोंद केलेली असते. लागण केव्हाची, ऊस आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, यावरून तोडीचा क्रम ठरतो. क्रम मोडला तर नुकसान कसे होते ते पाहा. पक्व ऊस फार दिवस उभा राहिला तर त्यास तुरा येतो, तो पोकळ पडतो आणि वजन घटते. तोडलेला ऊस एक दिवसाच्या आत गाळला गेला नाही तर त्यातील साखरही उतरते आणि वजनही. शिवाय तोडणीपूर्वी काही दिवस शेतकरी उसाचे पाणी बंद करीत असतो.

समजा, एखादा शेतकरी चिटबॉयला रस्त्यात गाठून विचारतो, ‘माझी टोळी केव्हा?’ खरे उत्तर असते, ‘अजून पंधरा दिवस तरी नाही.’ हे उत्तर देणे कठीण आहे. शेतकरी रागावेल, चार शब्द बोलेल, कदाचित नात्यातलाच असेल. म्हणून गोड उत्तर दिले जाते, ‘येईल हो, चार-सहा दिवसांत येईल.’ दोघेही हसतमुखाने आपापल्या वाटेस लागतात. शेतकरी त्या शब्दावर पाणी तोडतो. टोळी येत नाही. उन्हाने ऊस वाळू लागतो. पंधरा दिवसांनी जे वजन काट्यावर भरते ते पाहून त्याच्या घरी काय बोलणे होते, ते चिटबॉयच्या कानी जात नाही. त्याने लाच खाल्ली नाही, खोटी नोंद केली नाही. केवळ एका माणसास वाईट वाटू नये म्हणून तो गोड बोलला. आमच्या मते नोकरीत जितके नुकसान चोरीने होते त्याहून अधिक या गोड बोलण्याने होत असावे. वाईट बातमी वेळेवर सांगणारा मनुष्य त्या दिवशी कोणास आवडत नाही, पण पुढच्या हंगामात लोक त्याच्याकडेच विचारावयास जातात; कारण तो ‘चार दिवस’ म्हणाला तर ते चारच असतात.

चुकीचेही असेच आहे. गट क्रमांक लिहिताना एक आकडा इकडचा तिकडे झाला, हे त्याच सायंकाळी वरिष्ठांस सांगितले तर एका फोनवर काम भागते आणि फार तर दोन शब्द ऐकावे लागतात. तेच झाकून ठेवले तर दुसऱ्याच्या फडात टोळी शिरते, गाडी भरते, आणि मग एका आकड्यापायी दोन घरांत भांडण उभे राहते. नव्या नोकराच्या हातून चुका होणारच, हे प्रत्येक वरिष्ठ जाणतो, कारण तोही कधी नवा होता. तो चुका मोजीत नसतो. त्या कोणाच्या तोंडून कळल्या, हे तो लक्षात ठेवतो.

आतापर्यंत नोकराची बाजू झाली. पण भरवसा एका बाजूने वाढत नाही. तो आधी कोणी तरी ठेवावा लागतो. महाराष्ट्रात याचे एक उत्तम उदाहरण घडलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. काम उत्तम असूनही त्यांस मिळावयाची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. गुणी नोकराची कदर होतेच असे नाही, हे विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे बेळगावास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. १९१० साली औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

त्या माळावर जी माणसे त्यांनी जमविली ती कागदावर पाहू गेल्यास कोणी ठेवून घेतली नसती. शंभोराव जांभेकर शाळा अर्धवट सोडलेले. ते कारखान्याचे एंजिनियर झाले. अनंतराव फळणीकर यांचेही शिक्षण अपुरेच, तेही यंत्रांच्या कामात तरबेज निघाले. मंगेशराव रेगे कारकून होते, ते मुख्य हिशेबनीस झाले. आणि सर्वांत नवलाची गोष्ट रात्रीच्या पहाऱ्याची. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोड्याबद्दल शिक्षा झालेले. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती वाडीचा पहारा सोपविला, आणि त्या दोघांनी तो निष्ठेने सांभाळला. ज्याच्याकडे सारे जग संशयाने पाहत आले त्याच्या उशाशी एखादा मनुष्य निर्धास्त झोपतो, तेव्हा त्या माणसाच्या मनात काय उभे राहत असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. अशा जोखमीत लक्ष्मणरावांस फसगतीचे भय नव्हतेच असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या घरी, ज्या दुकानी, ज्या कचेरीत प्रत्येक कपाटास तीन कुलपे असतात तेथे विश्वासू नोकर पैदा होत नाहीत, हे आमच्या वाचकांपैकी जे स्वतः चार माणसे कामास लावतात त्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. पगार वेळेवर देणे हाही भरवशाचाच एक भाग, हे तर सांगावयासही नको.

एक अवघड प्रश्न उरला, आणि तो टाळून जाणे बरे नव्हे. धन्यानेच वाईट काम सांगितले तर? माप कमी दे, जुन्या मालावर नवी तारीख घाल, न आलेल्या मजुराची हजेरी मांड, असे सांगणारे धनी असतात. तेथे विश्वासू नोकराने काय करावे?

पंढरपूर ओलांडून पुढे गेले की मंगळवेढे लागते. तेथील दामाजीपंतांची कथा आमच्या भागातील लहान मूलही जाणते. बिदरच्या बादशहाचे ते अंमलदार. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागली तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे उघडली. बादशहाने पकडून आणण्याचा हुकूम काढला, आणि विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत भरली, असे परंपरा सांगते. कथेतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवू आणि केवळ नोकरीच्या दृष्टीने पाहू. धन्याचे धान्य धन्यास न विचारता वाटणारा अंमलदार विश्वासू की अविश्वासू? आमचे मत असे की, दामाजीपंतांनी कोठार रात्रीच्या अंधारात उघडले नाही, दिवसाढवळ्या उघडले. स्वतःच्या घरी एक पोते नेले नाही. आणि शिक्षा होईल हे ठाऊक असूनही ते पळून गेले नाहीत. म्हणून त्यांचे नाव राहिले. किल्ली हाती असलेला प्रत्येक कारकून ‘मी गरिबांसाठीच केले’ म्हणू लागेल तर त्यास हीच कसोटी लावावी, आणि बहुतेक जण तीत टिकणार नाहीत.

आपल्या मुलांवर दामाजींइतका मोठा प्रसंग बहुधा येत नाही. कमी मापाचा येतो. त्या वेळी धन्याशी भांडण करून चव्हाट्यावर जाण्यापूर्वी त्यास एकांतात, आदराने, पण स्पष्ट सांगावे की, ‘बाकी सांगाल ते काम करीन, रात्री थांबेन, हे मात्र माझ्याने होणार नाही.’ काही धनी हे ऐकून वरमतात. कारण जो नोकर धन्यासाठी गिऱ्हाइकास फसवितो तो उद्या स्वतःसाठी धन्यास फसवील, हे त्यांसही कळते. काही धनी मात्र त्याच महिन्यात हिशेब चुकता करून घरी पाठवितात. असेही होते. तो मुलगा हातात पिशवी घेऊन गावी परत येईल तेव्हा आईबापांनी त्यास ‘तुला जगाची रीत कळत नाही’ असे म्हणू नये, एवढी आमची कळकळीची विनंती आहे. बाहेर नोकरी गेली हे दुःख तो सोसू शकेल. घरातही आपण वेडे ठरलो, हे त्यास सोसवणार नाही. दुसऱ्या नोकरीत तो तसा वागणार नाही, आणि मग त्याच्यावर कोणीच विसंबून राहू शकणार नाही.

पालकांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. बाजारास मुलास पाठवून दोनशे रुपये दिले तर उरलेली मोड परत मागावी आणि कशाचे किती झाले हे विचारावे. संशयाने नव्हे, जेवताना, सहज. दहा रुपयांचा हिशेब लागला नाही तर रागावू नये, पण ‘जाऊ दे’ असेही म्हणू नये. दोघांनी मिळून आठवून पाहावे. दारी कोणी वसुलीस आला असता किंवा नको असलेला फोन वाजला असता ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे मुलास सांगण्याचा जो प्रघात पडला आहे, तो तर आजच बंद करावा. आपले मूल जी पहिली नोकरी करते ती आपल्याच घरी, आणि तेथे त्यास पहिले काम काय मिळाले, हे ते विसरत नाही.

राहिली रजेच्या अर्जाची गोष्ट. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत हंगामाच्या दिवसांत ‘ताप आल्यामुळे’ हे कारण इतके वाढते की, एखाद्या नवख्यास गावात साथ आली आहे असे वाटावे. खाली पालकांची सही असते. मूल शेजारी उभे राहून ती सही होताना पाहते. पालकहो, फडात टोळी आली होती आणि घरी माणूस नव्हता, द्राक्षांची छाटणी होती, आजीस पंढरपुरास दवाखान्यात न्यावयाचे होते, धाकट्या भावंडाजवळ बसावयास कोणी नव्हते, अशी जी खरी कारणे असतात तीच अर्जात लिहा. ती लिहिण्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. आम्हीही याच मुलखात राहतो. अक्षर मुलाकडूनच काढून घ्या आणि सही तुम्ही करा. अशा अर्जावर रजा मंजूर होईल, आणि बुडालेला धडा दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिकविण्याची जबाबदारी वर्गशिक्षकांनी घेतलेली आहे.